अबोल माणसांविषयी

मराठी भाषेने बोलक्या माणसाचे जितके कौतुक केले, तितके अबोल माणसाचे केलेले नाही. शब्दकोश चाळून पाहावा. घुमा, कुढा, एकलकोंडा, मुखस्तंभ, मुखदुर्बळ, तुसडा, माणूसघाणा, आतल्या गाठीचा: थोडे बोलणाऱ्यासाठी आपण तयार ठेवलेल्या ह्या शब्दांत एकही असा नाही की जो ऐकून कोणाला बरे वाटावे. ‘मितभाषी’ हा काय तो मानाचा शब्द. परंतु तो संस्कृताच्या पेटीत जपून ठेवलेला, निरोपसमारंभाच्या मानपत्रासाठी नाही तर मृत्युलेखासाठी बाहेर काढायचा. घरात कोणी कोणाला मितभाषी म्हणत नाही. घरात तो घुम्याच असतो. वाक्प्रचारांची तीच तऱ्हा. तोंडात मूग धरणे काय किंवा मिठाची गुळणी धरणे काय, माणूस बोलत नाही म्हणजे त्याने तोंडात काहीतरी मुद्दाम अडवून ठेवले आहे, असा संशय त्यांत भरलेला आहे. त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही नसेल, किंवा असूनही ते बोलावे असे त्याला वाटत नसेल, ही शक्यता भाषेने जणू गृहीतच धरलेली नाही.

बाजाराचा न्याय तर याहून कठोर. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशा अर्थाची म्हण आमच्याकडच्या आठवडी बाजारात अजून ऐकू येते. आमच्या शेजारणीने, म्हणजे कन्नड भाषेने, यापेक्षा थोडा समतोल राखला आहे. ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल’ असे ती म्हणते. जेवणे ज्याला कळते त्याला रोग नाही आणि बोलणे ज्याला कळते त्याला भांडण नाही. यात मौनाची स्तुती नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्याला बोलणे कळते त्याला केव्हा थांबावे हेही कळते, एवढाच तिचा आशय.

अबोल आणि अबोला ह्या दोन शब्दांत एका कान्याचे अंतर आहे. अर्थात मात्र मोठेच अंतर. अबोला हा कोणाशी तरी धरावा लागतो. तो ठरावीक माणसाला उद्देशून असतो, त्याला कारण असते, मुदत असते, आणि भाजीत मीठ पडले आहे की नाही एवढ्या एका प्रश्नाने तो मोडतोही. अबोल माणूस कोणावर रुसलेला नसतो. तो सगळ्यांशी सारखाच थोडे बोलतो. ‘अबोली’ ह्या फुलाचेही असेच. त्याला गंध नाही म्हणून आपण त्याचे नाव अबोली ठेवले. त्याच फुलाला कन्नडमध्ये ‘कनकांबर’ म्हणतात, म्हणजे सोन्याचे वस्त्र. आपण फुलात जे नाही ते पाहिले आणि कानडी लोकांनी जे आहे ते पाहिले. दोन्ही भाषा घरात नांदत असल्यामुळे आमच्याकडच्या बायका वेणी माळताना दोन्ही नावे घेतात, आणि त्यांना यात काही विशेष वाटत नाही.

मी राहतो तो कोळारचा परिसर बीदर जिल्ह्यातला. येथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा एकमेकींच्या अंगणात वावरतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. त्या पिढीतल्या पुरुषांची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरी आईशी बोलणे मराठीत. आणि पुढे मुलाच्या दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या उताऱ्यासाठी ज्या टेबलापुढे उभे राहायचे तेथे कन्नड. तीन भाषा येणारा माणूस तिन्ही भाषांत गप्प बसलेला मी लहानपणी पुष्कळदा पाहिला आहे. चूक होईल, लिंग चुकेल, समोरचा हसेल, ह्या धास्तीने तो मोजके बोले, आणि पुढे मोजके बोलणे हाच त्याचा स्वभाव ठरून जाई. अशांना उर्दूत ‘कमगो’ म्हणतात. शब्द सुरेख आहे. घुम्यासारखा अंगावर येत नाही.

भाषेच्या अडचणीतून जन्मभराचे मौन कसे घडते, याचे एक उदाहरण थेट इंग्लंडातले आहे. पॉल डिरॅक हे विसाव्या शतकातील अत्यंत मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक. १९०२ साली ब्रिस्टल येथे जन्मलेले आणि १९३३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले. ते इतके कमी बोलत की केंब्रिजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी थट्टेने ‘डिरॅक’ नावाचे एक मापच काढले होते. तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक! त्यांचे वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, फ्रेंच शिकवणारे शिक्षक. मुलाने आपल्याशी फ्रेंचमध्येच बोलावे असा त्यांचा दंडक होता. आपल्याला फ्रेंचमध्ये मनातले नीट सांगता येत नसे, म्हणून आपण गप्प राहू लागलो, असे डिरॅक यांनीच पुढे सांगितले. सीमाभागातल्या किंवा परमुलखात वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ही हकीकत मनावर घेण्यासारखी आहे. मुलाने मराठीच बोलले पाहिजे हा आपला आग्रह रास्त आहे. तो मीही धरतो. परंतु जेवणाच्या ताटावर प्रत्येक वाक्यागणिक मुलाला दुरुस्त करीत राहिले, तर ते मराठी न शिकता गप्प बसायला शिकेल.

आमच्या भागातल्या वृद्धांच्या अबोलपणाला भाषेखेरीज आणखी एक कारण होते आणि ते लिहिताना हात थोडा अडखळतो. १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात रझाकारांनी हत्याकांड केले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले, आणि त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस हिंडून जो अहवाल दिला, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले म्हणून नोंदले होते. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. सरकार जे बोलले नाही, ते गावेही बोलली नाहीत. माझ्या लहानपणी पारावर ज्या वृद्धांना मी बसलेले पाहिले, त्यांत दोन्ही समाजांचे लोक असत. पाऊस, तुरीचा भाव, कोणाच्या लेकीचे लग्न, इतपत बोलणे होई. ‘त्या साली’ एवढा उच्चार झाला की कोणीतरी चुना मागे आणि विषय बदले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मौन नडते, कारण त्या पिढीबरोबर साक्षीही गेल्या. परंतु एकाच गावात, एकाच विहिरीवर, पुढची पन्नास वर्षे काढायची असताना त्या माणसांनी काय बोलायला हवे होते, हे मला आजही सांगता येत नाही.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला अबोल माणूस म्हटले की प्रथम जी. ए. कुलकर्णी आठवतात, आणि ते आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचे विशेष जवळचे. बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे १० जुलै १९२३ रोजी जन्म, शिक्षण बेळगावात, आणि उभे कर्तृत्व धारवाडात, म्हणजे कानडी वस्तीत. मराठी कथेला त्यांनी ‘निळासावळा’पासून ‘पिंगळावेळ’पर्यंत जे दिले त्याची चर्चा येथे करीत नाही. ह्या लेखकाने सभा, सत्कार, मुलाखती, परिसंवाद सर्व काही कटाक्षाने टाळले. संमेलनाच्या अध्यक्षपदावर ते कधी दिसले नाहीत. डोळ्यांवर काळा चष्मा आणि माणसांपासून दूर राहण्याची रीत यांमुळे त्यांच्याविषयी दंतकथा मात्र अमाप उठल्या. ‘काजळमाया’ला १९७३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, त्यासंबंधी वाद निघताच त्यांनी ते परत केले.

आता गंमत अशी की हे गृहस्थ व्यवसायाने प्राध्यापक. रोज वर्गात उभे राहून इंग्रजी साहित्यावर बोलणे हीच त्यांची उपजीविका. आणि जो माणूस व्यासपीठावर एक शब्द बोलायला तयार नव्हता, त्याने स्नेह्यांना लिहिलेली पत्रे त्याच्या पश्चात निवडून छापायला घेतली तर त्यांचे चार खंड झाले! सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचेही ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक झाले आहे. ती पत्रे वाचताना जी. ए. अबोल होते असे म्हणणे कठीण होते. त्यांत थट्टा आहे, चित्रांची आणि पुस्तकांची वेडी हौस आहे, लहानसहान गोष्टींचे तपशील आहेत. बोलणे त्यांच्यापाशी भरपूर होते. समोर माणसांचा जमाव नसावा आणि समोरच्याने मध्येच तोंड घालू नये, एवढीच अट असावी. (पत्र हे या दृष्टीने आदर्श संभाषण आहे. मध्येच कोणी ‘तुम्हांला सांगतो’ म्हणून सुरू होत नाही.) हे ताडून पाहायचे तर दूर जायला नको. नोकरीसाठी परगावी असलेले, घरात एक शब्द न बोलणारे कितीतरी वडील महिन्याच्या महिन्याला चार पानी पत्र पाठवीत. पत्रे लिहिण्याची चाल गेली, तेव्हा ह्या माणसांचा एक मोठा दरवाजा बंद झाला. भ्रमणध्वनीवर त्यांना बोलता येत नाही. ‘बरे आहे ना? ठेवतो’ एवढ्यात त्यांचे संपते, आणि आपण समजतो की त्यांना आपल्याविषयी काही वाटत नाही.

जी. ए. धारवाडचे, तर विजय हजारे बडोद्याचे. सांगलीत १९१५ साली एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा फलंदाज बडोद्यात स्थायिक झाला, आणि मैदानावर व मैदानाबाहेर जवळजवळ न बोलता क्रिकेट खेळला. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाची दुसऱ्या डावातील एकूण धावसंख्या होती ३८७. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्या डावात धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली आणि त्या तीनशेत विवेकच्या धावा होत्या २१. थोरला भाऊ बोलत नव्हता, धाकटा धावा करीत नव्हता. पण दोघांनी दुसरे टोक कसे धरून ठेवावे हे जाणले होते. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. भारतीयाने असे प्रथमच केले होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच होते. तरीही कर्णधारपद त्यांच्या स्वभावाला मानवले नाही, असे त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांचे मत पडले. खेळाडूला हाक मारून जागा बदलायला सांगणे, निवड समितीपुढे आपला माणूस रेटणे, चुकलेल्याला दोन शब्द सुनावणे, हे सारे बोलण्याचे काम. अबोलपणाची किंमत असते आणि ती अबोल माणसाइतकीच त्याच्यावर विसंबलेल्यांनाही मोजावी लागते, हे हजाऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

१८ डिसेंबर २००४ रोजी हजारे वारले. त्यानंतर पाचच दिवसांनी पी. व्ही. नरसिंह राव गेले. ‘मौनीबाबा’ अशी त्यांची थट्टा होई. आणि हा मनुष्य डझनाहून अधिक भाषा जाणत होता! आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले, मराठी उत्तम येणारे, महाराष्ट्रातील रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेलेले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ ह्या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. घरातल्या मुक्या स्त्रीला बोलते करणारी ती कादंबरी एका अबोल राजकारण्याने निवडावी, हे मला फार सूचक वाटते. १९९२ च्या डिसेंबरातील त्यांच्या मौनाचा अर्थ मात्र लोक अजून आपापल्या मताप्रमाणे लावीत आहेत. जो बोलत नाही त्याच्या वतीने इतर बोलतात, आणि मग त्याला ते खोडताही येत नाही.

व्रत म्हणून धरलेल्या मौनालाही हे चुकलेले नाही. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारला वर्षभराचे मौन घेतले. मध्येच आणीबाणी आली, आणि त्यांनी लिहून दाखवलेल्या ‘अनुशासन पर्व’ ह्या दोन शब्दांचा ज्याला जसा हवा तसा उपयोग झाला. मेहेरबाबा अहमदनगरजवळ १० जुलै १९२५ पासून बोलायचे थांबले ते १९६९ साली देह ठेवीपर्यंत. कोल्हापूरकडे पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाने तर गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. जेथे दिवसभर व्याख्याने चालतात त्या संस्थेला मौनीबुवांचे नाव, ही कल्पना मला मनापासून आवडते. परंतु व्रताचे मौन हा आपला विषय नव्हे. व्रती मौन सोडू शकतो. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्यांना सोडण्यासारखे काही नसते.

शिक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न वर्गात उभा राहतो. पन्नास मुलांच्या वर्गात तीनचार मुले अशी असतातच की जी विचारल्यावाचून बोलत नाहीत, आणि विचारल्यावरही बोलत नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. वास्तविक ह्या तीनचारांचे मौन एका जातीचे नसते. एखाद्याचा कान वाहत असतो. त्याला फळ्याजवळचे अर्धे ऐकूच येत नाही, म्हणून तो गप्प. त्याला आधी कानाच्या डॉक्टरकडे न्यावे लागते. एखादे मूल घरी अखंड बडबडते, पण शाळेच्या फाटकात पाऊल पडताच त्याचा आवाज जातो. हा हट्ट नव्हे. ही एक प्रकारची भीती आहे, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी इंग्रजीत ह्या अवस्थेला जे नाव होते त्यातून मूल आपखुशीने बोलत नाही असा अर्थ निघे. १९९४ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी ते नाव बदलले, आणि ‘ठरावीक ठिकाणीच बोलता न येणे’ अशा आशयाचे नवे नाव रूढ केले. नाव बदलल्याने मूल बोलत नाही, हे खरे. पण मारणारा हात तरी थांबतो. ‘बोल, नाहीतर उभा राहा’ अशी सक्ती केली की अशा मुलाचे तोंड अधिकच मिटते. त्याला शेजारच्या मुलाच्या कानात उत्तर सांगू द्यावे, पाटीवर लिहू द्यावे, हजेरीला नुसता हात वर करू द्यावा. आमच्या शाळेत आम्ही असेच करतो.

काही मुले नुसती अबोल असतात. त्यांना काहीही झालेले नसते. त्यांची परीक्षा वहीत घ्यावी आणि त्यांना सुखाने बसू द्यावे. वक्तृत्वस्पर्धेत त्यांना ढकलून ‘धीट’ करण्याचा उद्योग करणारे पालक मला दरवर्षी भेटतात. तो उद्योग मला पटत नाही.

आणि चौथा प्रकार आमच्या जिल्ह्याचा. लमाण तांड्यांवरची मुले घरी गोरबोली बोलतात. शाळेत त्यांच्यावर मराठी आणि कन्नड अशा दोन भाषा एकदम येऊन पडतात. तिसरीतली एक मुलगी सबंध पहिले सहामाही सत्र वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. दुपारच्या जेवणाच्या रांगेत मात्र धाकट्या भावाला ती खणखणीत आवाजात दटावताना वर्गशिक्षिकेने ऐकले. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर ‘आई’ शेजारी ‘याडी’ आणि ‘भाकरी’ शेजारी ‘बाटी’ असे लिहिले, आणि मोठ्याने वाचले. त्यांचा उच्चार चुकला असावा. मागच्या रांगेतून ती मुलगी उठली आणि तिने तो शब्द नीट उच्चारून दाखवला. मग बाईंनी रोज दोन शब्द तिला विचारायला सुरुवात केली. दिवाळीनंतर ती प्रश्नांची उत्तरे देऊ लागली, मराठीतून आणि पुढे कन्नडमधूनही.

आता ती पाचवीत आहे. गणितात पुढे आहे. विचारले तर उत्तर देते, आपण होऊन फारसे बोलत नाही. पालकसभेला तिची आई येते, दाराशी उभी राहते, सही करते आणि मान हलवून जाते.